खडे वेचणाऱ्या चौघी

खडे जमवायला लागलं की घरात दोन गोष्टी साठत जातात. एक खडे आणि दुसरे किस्से. खड्यांना डबे मिळतात. फरसाणाचे, मिठाईचे, औषधाचे, कुठलेही. किस्से कुठे ठेवायचे? हळदीकुंकवाला एक सांगायला घ्यावा तर त्याला चिकटून दुसरा येतो, दुसऱ्याच्या शेपटीला तिसरा, आणि तोवर घरी कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात! म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावेत.

आम्ही चौघी. मी सुधा, पेणची, उपासतापासाची बाई. सोमवार, संकष्टी, एकादशी, प्रदोष. "आपल्या घरात तांदळापेक्षा साबुदाणा जास्त लागतो," असं आमचे हे म्हणतात. दुसऱ्या आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. नाव सुलभा, राहायला रोह्याला. तिसऱ्या नजमाभाभी, आमच्या शेजारीण. त्यांचे मिस्टर कुवेतला नोकरीला. आणि चौथी मंदा, जोह्याची. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. रत्नं, स्फटिक, गारगोट्या यांतलं चौघींनाही काही येत नव्हतं. अजूनही फारसं येत नाही. पण आवड लागली, ती लागलीच.

लागली ती वन्संमुळे, आणि वन्संसाठी.

आमच्याकडे गौरी खड्यांच्या. भोगावतीवर जाऊन सात खडे आणायचे, तीन दिवस त्यांचं माहेरपण करायचं आणि परत नदीत सोडायचे. वन्सं दर वर्षी गौरीला माहेरी यायच्या. त्यांचे यजमान गेले आणि ते येणं थांबलं. दिवाळीला येतील, आजारपणाला धावत येतील, गौरीला नाही. "सवाष्णींचा सण गो तो. तिथे माझं काय काम?" म्हणायच्या. सासूबाई, म्हणजे त्यांची सख्खी आई, यावर चकार शब्द काढत नसत. ये म्हणत नसत, येऊ नको म्हणत नसत. फक्त गौरीजेवणाला एक पान जास्त मांडायच्या आणि मग स्वतःच उचलून ठेवायच्या.

मला ते उचललेलं पान बघवेना. मी संकष्टीला बाप्पाला सांगितलं, "सोनंनाणं काही नको. वन्संना तेवढं गौरीला घरी आण."

बाप्पाने आधी खडे पाठवले!

*

श्रावणातला सोमवार. वन्सं एरवी घराबाहेर पडत नाहीत म्हणून मी रोह्याला गेले आणि "कोलाडला माझं काम आहे, चला सोबतीला," अशी थाप मारून त्यांना बाहेर काढलं. सोमवारी खोटं बोलले, शंकराने पोटात घालावं.

कोलाडला हायवेच्या कडेला टपरीवर बसलो. मी उपासाची, केळं खात होते. वन्संसमोर चहा. शेजारी रस्त्याच्या कामाचा दगडांचा ढीग. उठताना वन्संची चप्पल एका दगडाला अडकली, दगड घरंगळला, दुसऱ्यावर आपटला आणि मधोमध उकलला. आत बघतो तर पांढऱ्याशुभ्र सुयांचा झुबका! कुणी मोगऱ्याची कळी दगडात कोंबून ठेवावी तसा.

वन्सं तिथेच उकिडव्या बसल्या. हा बघ, तो बघ, करता करता पदरात चार दगड गोळा झाले. टपरीवाला ओरडला, "ओ मावशी, रस्ता व्हायचाय आजून! खडी ठेवा की!"

वन्सं ताडकन म्हणाल्या, "जन्मभर तांदळातले खडे वेचून फेकले. आता चार ठेवून घेऊ दे की मेल्या!"

किती वर्षांनी त्यांचा असा आवाज ऐकला मी!

परतीच्या बसमध्ये त्या दगडांना धक्का लागू नये म्हणून त्यांनी पदरात गुंडाळून मांडीवर घेतलं. वर हात ठेवला. शेजारी एक बाई येऊन बसली. कौतुकाने बघत राहिली. शेवटी न राहवून म्हणाली, "नातू काय गो? तोंड तरी दाखव."

वन्संनी पदर बाजूला करून दाखवलं.

बाई पुढच्या स्टॉपलाच उतरली!

*

मग आमचं मंडळ जमलं. महिन्यातून एका शनिवारी माझ्याकडे. वन्सं रोह्याहून बसने यायच्या. कुणी काय आणलं, कुठे मिळालं, ते सगळं मांडायचं. बॅटरीचा उजेड मागून टाकून बघायचं, सुरीच्या टोकाने ओरखडा उठतो का बघायचं, आणि नाव कळलं नाही तरी कुठे सापडला ते कागदाच्या तुकड्यावर लिहून सोबत ठेवायचं. इतकं मोबाइलवर बघून शिकलो.

नजमाभाभींचं माहेर खाडीकाठी, मिठागरांच्या बाजूला. एका एकादशीला मी आंघोळीला गेले असताना भाभी येऊन सासूबाईंच्या हातात एक पुडी देऊन गेल्या. उघडली तर सुपारीएवढा खडा. चौकोनी, काचेसारखा आरपार, कडा अशा की कुणी मापाने कापाव्यात! मी म्हटलं, स्फटिक! आणि आला कधी? एकादशीला! याचा अर्थ न कळण्याइतकी मी काही अडाणी नाही. खडा ताम्हनात ठेवला, वर अभिषेकपात्र टांगलं, धार सोडली आणि डोळे मिटून स्तोत्राची आवर्तनं सुरू केली.

आवर्तनं संपली. डोळे उघडले. ताम्हन रिकामं!

मी ओरडले, "आई, लवकर या हो! देव अंतर्धान पावले!"

सासूबाई शांतपणे आल्या. ताम्हनातल्या तीर्थात बोट बुडवून जिभेला लावलं. मग भिंतीपलीकडे हाक मारली, "नजमा! काय दिलं होतंस गो?"

पलीकडून आवाज आला, "मिठाचा खडा, अम्मा! मिठागराच्या कोपऱ्यात असा मोठा क्वचित मिळतो. का गो, काय झाला?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "सुधाने आंघोळ घातली त्याला." मग माझ्याकडे वळून, "बटाट्याच्या भाजीत आज मीठ घालू नकोस. हेच घाल. वाया कशाला घालवायचं?"

तेव्हापासून मंडळाचा नियम आहे. ओळख पटल्याशिवाय कुणालाही अभिषेक नाही!

*

भाभींचे मिस्टर दोन वर्षांनी सुट्टीवर आले तेव्हाची गोष्ट. भाभींनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "या वेळी सेंट नको, चॉकलेट नको. तिकडच्या वाळवंटातला खडा आणा."

बॅग उघडली. सगळं घर भोवती. कपड्यांच्या घड्यांमधून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड निघालं. भाभींच्या सासूचे डोळे चमकले. टॉवेल सुटला आणि आत भुरा, खरखरीत दगड! पण आकार काय! पाकळीवर पाकळी, पाकळीवर पाकळी. वाळवंटात वाळूखाली आपोआप तयार होतो म्हणे असा दगड, फुलासारखा.

सासू कपाळाला हात लावून म्हणाली, "लोकांचे पोरगे सोना आणतात. माझा पोरगा विमानातून दगूड घेऊन आला!"

मिस्टर तसे अबोल. भाभींकडे बघून एवढंच म्हणाले, "एक गुलाब कवा दिला नाय, म्हणून बोलतेस ना गो? घे. हा सुकत नाय."

त्या शनिवारी भाभींनी तो मंडळात आणला. आम्ही तिघींनी हात पुढे केले.

"बघायचा!" भाभी म्हणाल्या. "हात नाय लावायचा!"

*

त्या वर्षीही वन्सं गौरीला आल्या नाहीत. शनिवारी आल्या, खडे बघितले, गौरीच्या पुरणपोळीचा विषय निघाला तशी पिशवी उचलून बस पकडायला गेल्या. पान मांडलं गेलं आणि उचललं गेलं. मी संकष्टी सोडली नाही.

पुढच्या आषाढात वन्संना एक जांभळा खडा मिळाला. रोह्याकडे कुणाच्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं, तिथल्या फोडलेल्या दगडात. द्राक्षाएवढा, आणि टोकाला असा रंग की जांभूळ पिकल्यासारखा. तो मंदाला दाखवायला म्हणून मी जोह्याला घेऊन गेले. रंगांतलं तिला चौघींत जास्त कळतं.

कारखान्यात पाऊल ठेवायला जागा नाही. ओळीने गणपती, कुणाला डोळे आहेत, कुणाला यायचे आहेत. मंदा एका मूर्तीची आखणी करत होती. आखणी चालू असताना ती श्वाससुद्धा बेताने घेते, म्हणून मी खडा शेजारच्या ताटलीत ठेवला आणि थांबले. चहा आला. गप्पा झाल्या. निघताना बघते तर ताटलीत खडा नाही!

ती ताटली होती मुकुटाला चिकटवायच्या काचेच्या खड्यांची. मुकुट सजवणाऱ्या मुलीने इमानेइतबारे काम केलं होतं.

"कुठल्या गणपतीला लावलास गो?" मंदाने विचारलं.

"जांभळ्या शेल्याच्या."

जांभळ्या शेल्याचे गणपती केव्हाच कागदात बांधून टेम्पोत चढले होते! आम्ही धावलो. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, आतमधी सगळेच जांभळ्या शेल्याचे हायत. एकेकाचा कागद सोडू म्हणता?"

गणपतीला घातलेला मुकुट उतरवायचा? छे! मी हात जोडले. टेम्पो गेला.

वन्संना फोन करायला माझी हिंमत होईना. शेवटी केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग हसायलाच लागल्या. "अगं, मी डब्यात ठेवणार होते. तो थेट बाप्पाच्या डोक्यावर जाऊन बसला! माझ्यापेक्षा हुशार निघाला!"

मंदाने मागून फोनमध्ये तोंड घातलं, "ताई, ज्या घरात तो गणपती गेला आसंल, तिथं यंदा लगीन ठरलं तर पहिली पत्रिका तुमाला हो!"

*

हा किस्सा आमच्या ह्यांना सांगितलेला आवडत नाही. म्हणून थोडक्यात.

ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, स्टोन आहे, भरपूर पाणी प्या. ह्यांनी पाणी प्यायलं, कुळथाचं कढण प्यायलं, मी नागेश्वराला नारळ बोलले, आणि एकदाचा तो पडला. डॉक्टरांनी तपासून छोट्या बाटलीत घालून परत दिला.

वन्सं भावाला बघायला म्हणून पेणला आल्या. आल्या आल्या विचारलं, "कुठाय?"

"आत झोपलाय," सासूबाई म्हणाल्या.

"तो नाही गो! खडा!"

बाटली उजेडात धरून त्यांनी नीट निरखली. भिंग लावलं. "सुधा, आपल्या सगळ्या खड्यांत घरात तयार झालेला हा एकटाच! कागद आण. कुठे सापडला लिहू? पेण?"

आतून हे ओरडले, "ताई, फेकून दे तो!"

"फेकून? एवढा जीव पणाला लावून काढलास, आणि फेकून?"

सासूबाई जपमाळ ओढता ओढता एवढंच म्हणाल्या, "ठेवायचा तर ठेवा. देव्हाऱ्याशेजारी नको."

*

सासूबाईंचं आणि आमच्या खड्यांचं नातं असं लांबूनचं. त्या कधी नावं ठेवत नसत, कधी कौतुकही करत नसत. मंडळ जमलं की वाटाणे सोलत कोपऱ्यात बसायच्या.

एकदा माझा एक अकीक हरवला. चांगला मुठीएवढा, आत वर्तुळात वर्तुळं असलेला, पण थोडा फिकट. सगळं घर शोधलं. पलंगाखाली, माळ्यावर, धान्याच्या डब्यात. पंधरवड्याने लोणचं काढायला बरणी उघडली, तर कैरीच्या फोडी तेलाखाली दाबून हे महाराज बसलेले!

"आई, हा माझा अकीक!"

"हो का? जड होता, गुळगुळीत होता. धुऊन, पुसून, उन्हात वाळवून घातला हो. शिवाशिव काही नाही."

बाहेर काढून पुसला तर काय सांगू! तेल मुरून एकेक वर्तुळ असं उठून आलं होतं, जणू आत कुणी दिवा लावलाय. वन्संनी बघितला आणि थक्क झाल्या. "आई, हे कसं केलंस?"

सासूबाई वाटाणा सोलत म्हणाल्या, "मी काही केलं नाही. तुमच्या सगळ्या खड्यांत कामाला लागलेला हा एकटाच. चमकणारच!"

*

आणि हा यंदाच्या भाद्रपदातला.

गौरी यायच्या आदल्या दिवशी मी वन्संना फोन केला. "वन्सं, गौरीला नका येऊ. खड्यांना या. पावसाने भोगावतीत नवे गोटे आलेत. तुमच्यासारखी नजर मला नाही. तुम्ही नुसते दाखवा, उचलेन मी."

मग म्हणाल्या, "काठावरून दाखवीन. पाण्याशी यायची नाही."

सकाळी आल्या. सासूबाईंनी "चहा घे," एवढंच म्हटलं आणि आत वळल्या.

आमच्याकडची रीत अशी. गौर आणणारीने नदीवर तोंडात पाण्याची चूळ धरायची. खडे ताटात घेतले की घरी पोचून गौर जागेवर बसेपर्यंत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, वाटेत ताट टेकायचं नाही. चूळ नंतर तुळशीत सोडायची. ही रीत मला लग्नानंतर शिकवली ती वन्संनीच.

नदीवर आम्ही चौघी. मंदाच्या हातात घंटा, भाभींच्या हातात छत्री, कारण पावसाचा भरवसा नाही. मी चूळ धरली आणि ताट घेऊन पाण्यात उतरले. ताटात तेरड्याची फुलं. वन्सं काठावर.

"तो डावीकडचा घे. हां. आता त्याच्या पलीकडचा. अगं तो नव्हे! गोल बघ, गोल! सुधा, तुला दिसतंय का काही?"

असं करत करत घाटाची एक पायरी खाली, दोन पायऱ्या खाली. बघते तर वन्सं घोटाभर पाण्यात, माझ्या शेजारी! वाकल्या, एक काळाभोर गोटा उचलला, हाताने पुसला आणि सवयीने ताटात ठेवला.

मग त्यांच्या लक्षात आलं. हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. "चुकले गो. काढ तो. दुसरा घे."

मी ताटच त्यांच्या हातात दिलं.

"सुधा! काय हे? धर परत. आई काय म्हणेल? लोक काय म्हणतील? अगं, बोल की काहीतरी!"

मी कशी बोलणार? माझ्या तोंडात चूळ! मी आपले फुगलेले गाल दाखवले.

"भाभी, तुम्ही तरी सांगा हिला!"

"मी काय सांगू?" भाभी म्हणाल्या. "नियम तुमचा."

तेवढ्यात मंदाने घंटा वाजवली आणि चालायला लागली. मागे न बघता.

वन्सं उभ्या. ताट टेकता येत नाही, पाण्यात ठेवता येत नाही, घ्यायला कुणी हात पुढे करत नाही. घंटा लांब लांब चाललेली. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग उरलेले खडे एकेक करून उचलले, ताट डाव्या हातावर तोललं, वाकून उजव्या हाताने पाणी घेतलं आणि तोंडात धरलं.

आमची अशी मिरवणूक निघाली. पुढे मंदाची घंटा, मागे ताट घेतलेल्या वन्सं, मग मी, आणि बाजूने छत्री धरून भाभी. आळीतल्या बायका दारात आल्या. "अगो बाई, सुलू? तू?" वन्संच्या तोंडात चूळ, माझ्याही. उत्तर कोण देणार? भाभीच प्रत्येकीला खणखणीत सांगत होत्या, "बोलायचं नाय त्यांनी! नियम हाय! वाट सोडा, गौर येते!"

दारात सासूबाई. एका हातात दूधपाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरतुकडा. त्यांनी वर बघितलं आणि तांब्याचा हात तसाच थांबला. वन्संनी मान खाली घातली. भीतीने माझी चूळ घशाखाली गेली. घंटासुद्धा थांबली.

सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या. मग बोट पुढे करून एकेक खडा मोजायला लागल्या. "पाच... सहा... सात... आठ. आठ कशा गो?"

मी वाकून बघितलं. खरंच आठ! वन्संना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मंदाकडे. मंदाने भाभींकडे. भाभींनी छत्रीकडे.

सासूबाई वाकल्या. वन्संच्या पायांवर दूधपाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून बाजूला टाकला.

"असू दे," म्हणाल्या. "माहेरी आलेल्या लेकी मोजू नयेत. ये आत."